साडेतीनशेच्या आत

आमच्या कॉलनीतल्या त्या पोराला बारशाला ठेवलेलं एक चांगलं, देवाधर्माचं नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर ते अजूनही सुखरूप असावं. पण इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे ‘सीसी’ म्हणतात, आणि ह्यात दोष असलाच तर त्याचाच आहे. बारावीत असल्यापासून त्याने माणसांना नावाने ओळखणं सोडलं. समोरचे बँकेतले गृहस्थ म्हणजे ‘सव्वाशे’. दूधवाला ‘सत्त्याण्णव पॉइंट दोन’, कारण स्प्लेंडरचं इंजिन तेवढं असतं. मी जुन्या अ‍ॅक्टिव्हावर फिरतो, म्हणून मी ‘एकशे नऊ पॉइंट एकावन्न’. दशांशाची दोन घरं त्याने केवळ आदरापोटी ठेवली आहेत असं त्याच्या आईचं म्हणणं.

कुठल्याही गाडीचं वजन, सीटची उंची, टॉर्क, सगळं त्याला मुखोद्गत. क्लासिक साडेतीनशे म्हटलं की १९५ किलो, ८०५ मिलिमीटर, २७ न्यूटन मीटर, तेही चार हजार आरपीएमला. हिमालयन म्हटलं की ४५२ सीसी, १९६ किलो. ड्यूक तीनशे नव्वद म्हटलं की आधी आवंढा, मग ३९९ सीसी आणि ४६ पीएस. स्वतःचं वजन मात्र तो सांगत नाही. ते बावन्न किलो आहे. उंची पाच फूट चार इंच, आणि ती बुटांसकट की बुटांशिवाय हा घरातला नाजूक विषय आहे.

ही जात नाशिकमध्ये सगळीकडे सापडते. सिडकोत आहे, नाशिकरोडला आहे, कॉलेज रोडवर तर संध्याकाळी थव्याने असते. ओळखायची खूण एकच: गाडीच्या आधी गाडीचं सामान आलेलं असतं. आमच्या सीसीकडे गाडी यायच्या वर्षभर आधी किल्लीचा जुडगा होता, त्यात सायकलच्या कुलपाची किल्ली. बोटं उघडी राहणारे हातमोजे होते, ते घालून तो दळण आणायला जायचा. टाकीवर बांधायची पिशवी होती. लडाखचा पूर्ण आराखडा तयार होता, कुठे मुक्काम, कुठे पेट्रोल, कुठे ऑक्सिजन. तोवर स्वतः गाडी चालवत तो त्र्यंबकेश्वरलाही गेलेला नव्हता. अंजनेरीचा फाटा त्याने फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला.

मी वाहनविम्याचा एजंट. शालिमारला एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात माझं टेबल आहे. त्यामुळे ही पोरं मला दोनदाच भेटतात, गाडी घेताना आणि गाडी पडल्यावर. मधल्या काळात ती कुठे असतात, काय करतात, हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नसतं. सीसी शेजारचाच असल्यामुळे मला हा मधला काळही बघायला मिळाला, आणि त्याआधीचाही.

अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात त्याने लर्निंग काढलं. पक्क्या लायसन्सची परीक्षा पेठ रोडच्या आरटीओत, वडिलांच्या स्प्लेंडरवर. आदल्या रात्री कॉलनीच्या मैदानात खडूने आठ काढून तो सराव करत होता. कर्बवेटवर तासभर बोलणारा हा प्राणी आठाच्या कमरेपाशी आला की दोन्ही पाय सुकाणूसारखे बाहेर काढायचा. वडील गॅलरीतून ओरडायचे, “पाय वर घे! पाय वर!” खालून उत्तर, “पप्पा, ह्या गाडीची जॉमेट्रीच तशी आहे!” वडिलांनी त्याच गाडीवर इंदिरानगर ते अंबड एमआयडीसी अशी नोकरी केलेली. तिला जॉमेट्री आहे हे त्यांना त्या रात्री कळलं.

तर पास झाला. आणि इथेच आपल्याकडच्या कायद्याची खरी गंमत सुरू होते. सत्त्याण्णव सीसीवर आठ काढलेल्या मुलाच्या लायसन्सवर ‘गिअरवाली मोटरसायकल’ एवढंच छापून येतं. दुसऱ्या दिवशी त्याने हजार सीसीची गाडी आणली तरी कायदा त्याला नमस्कारच करतो. त्याचा आतेभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, जवळपास त्याच्याच वयाचा. तिकडे सतराव्या वर्षी सव्वाशे सीसीपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत, आणि थेट परीक्षा देऊन वाटेल ती गाडी हवी तर चोवीस पूर्ण व्हावी लागतात. दर पायरीला वेगळी परीक्षा. वर विमा कंपनी वय विचारते, पत्ता विचारते, लायसन्स किती महिन्यांचं ते विचारते, गाडी रात्री घरात असते की रस्त्यावर तेही विचारते, आणि मग असा आकडा सांगते की पोरगं मुकाट्याने बसचा पास काढतं. सीसीने व्हिडिओ कॉलवर त्याची मनापासून कीव केली. “काय भो, जगणं आहे का ते!”

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, आणि सरकार एकच प्रश्न विचारतं: इंजिन किती सीसी? चालवणारा अठराचा की अडुसष्टचा, कालचा शिकलेला की कसारा घाटात केस पांढरे केलेला, ह्याच्याशी त्या दराला देणंघेणं नाही. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही त्याला हाक मारतो तेवढंच सरकारलाही पुरतं.

वय बघून दर लावायचं काम आपल्याकडे आईकडे असतं. तिची नियमावली कुठे छापलेली नाही, आणि तिच्यात सवलतीचं कलम नाही.

सीसीच्या आईने पहिल्याच बैठकीत अटी मांडल्या. रात्री नऊच्या आत गाडी गेटच्या आत. कसारा घाट वर्ज्य. पावसात वर्ज्य. शाहीस्नानाला गर्दी असेल तेव्हा पंचवटीकडे वर्ज्य. मागे कोण बसणार हे आधी सांगायचं. (हे कलम तिने इतरांच्या मध्ये, अगदी सहज आवाजात घुसवलं.) पोरगा म्हणाला, “मग चालवू कधी?” ती म्हणाली, “पुसायची असते ना रोज, तेव्हा बस की तिच्यावर.”

वडिलांची चौकशी साधी होती. अ‍ॅव्हरेज किती? कुठलीही गाडी दाखवली की ते हेच विचारत. सीसी टॉर्क सांगे, ते अ‍ॅव्हरेज विचारत. सीसी स्लिपर क्लच समजावून देई, ते शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, “हो, पण देते किती?” चार महिने हे असंच चाललं. ह्या काळात घरात गाडी आली नाही, पण भिंतीवरचं पोस्टर चारदा बदललं. आधी ड्यूक. मग डॉमिनार. मग ट्रायम्फ, कारण ती आपल्या चाकणला बनते आणि त्यामुळे ती घेणं ही महाराष्ट्राची सेवा ठरते. मग हिमालयन.

हिमालयन पोस्टरवरच राहिली, त्याचा मी साक्षीदार आहे. “काका, तुम्ही चला, तुमचं ऐकतात,” म्हणून तो मला शोरूमला घेऊन गेला. आत शिरताना त्याची चाल बदलली. हात जरा बाहेर, मान जरा मागे. सेल्समन पोरगाच होता, फारतर चोविशीचा. त्याने “बसा ना सर” म्हटलं आणि ‘सर’ ह्या शब्दाने सीसीचे कान लाल झाले. टांग टाकली. पहिल्या झटक्यात ती सीटवर न जाता मागच्या कॅरियरला लागली. दुसऱ्या झटक्यात बसला. डावा पाय टेकला. मग उजवा टेकावा म्हणून गाडी उजवीकडे कलती केली, तर डावा उचलला गेला. दोन्ही टेकवायला गेला तेव्हा दोन्हीकडे फक्त अंगठे पोचत होते. असा तो अधांतरी, हँडल घट्ट धरून, आरशात स्वतःकडे बघत बसला. चेहऱ्यावर लडाख. सेल्समनने न बोलता एका हाताने मागचं कॅरियर धरून ठेवलं होतं. त्या हातावरून मला कळलं की अशी पोरं तिथे रोज येतात.

“सीट खाली होते सर,” तो म्हणाला.

“नको, परफेक्ट आहे,” सीसी म्हणाला, आणि उतरायला त्याला त्या सेल्समनचा खांदा लागला.

अखेर निकाल लावला तो दिल्लीने. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवर अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, आणि साडेतीनशेच्या वर गेलात की थेट चाळीस. वडील एरवी अर्थसंकल्पाच्या बातम्या लागल्या की चॅनेल बदलतात. त्या दिवशी त्यांनी पेपर घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा अ‍ॅव्हरेजखेरीज दुसरा प्रश्न विचारला: “साडेतीनशेच्या आतली आहे का एखादी?”

होती. क्लासिक साडेतीनशेचं इंजिन ३४९ सीसीचं. जुन्या बुलेटचं ३४६ होतं. नव्याला तीन वाढवले आणि चौथा वाढवायचं टाळलं. वडिलांना ती एका सीसीची माघार फार आवडली. “ह्याला म्हणतात इंजिनिअरिंग,” ते म्हणाले. मग मी माझ्या बाजूची भर घातली. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनी नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा दीडशे ते साडेतीनशे सीसीला ७,३६५ रुपये आणि साडेतीनशेच्या वर १५,११७ रुपये, वर कर वेगळा. म्हणजे एक सीसी ओलांडला की दुपटीहून जास्त. सीसीने क्षीण प्रतिकार केला, “पण पॉवर...” वडिलांनी हात वर केला. विषय संपला. पोस्टर पाचव्यांदा बदललं.

मग सगळं कुटुंब माझ्या टेबलावर आलं. झेरॉक्सवाल्याने दोन स्टुलं जास्तीची दिली. ही भेट मी विसरणार नाही, कारण माझ्या टेबलावर लोक प्रीमियम किती एवढंच विचारतात, आणि इथे पॉलिसीचं पहिल्यांदा वाचन झालं.

पाच वर्षांची पॉलिसी म्हटल्यावर वडील निर्धास्त झाले होते. त्यांना आधी खाली आणावं लागलं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला तो थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपल्या स्वतःच्या गाडीचं, ज्याला आम्ही ओडी म्हणतो आणि गिऱ्हाईक ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतं, ते एकच वर्ष. दुसऱ्या वर्षी अर्धी कॉलनी ते भरायला विसरते, कारण पॉलिसीवर ठळक अक्षरात पुढची पाच सालं दिसत असतात. मग गाडी चोरीला जाते आणि लोक माझ्याशी भांडायला येतात.

“आता स्वतःच्या गाडीच्या हप्त्यात नाशिकचा फायदा आहे,” मी म्हणालो. “जुन्या टॅरिफपासून मुंबई, पुणे वगैरे आठ शहरं ए झोनमध्ये. आपण बी झोन.”

सीसी दुखावला. “बी का? आपल्याकडे काय ट्रॅफिक कमी आहे का? द्वारका सर्कलला या म्हणावं सहा वाजता!” हप्ता कमी बसतो आहे हे त्याला दोनदा सांगितलं. पुणे ए आणि आपण बी, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

पुढे आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळायची कमाल रक्कम. नवी गाडी म्हणून शोरूमच्या किमतीतून पाच टक्के वजा. वर्षभरात पंधरा, मग वीस, तीस, असं वाढत जातं. आईने हिशेब पक्का समजून घेतला. “म्हणजे दुकानाबाहेर काढली की पाच टक्के गेले?” “हो वहिनी.” “मग त्यांनाच सांगा ना, आतच ठेवा. आम्ही येऊन बघून जाऊ.”

तिने पुराचंही विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. गोदाघाटावर उभ्या केलेल्या गाड्या दर दोन-चार वर्षांनी तरंगताना आपण बघतोच. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं की माझा फोन वाजायला लागतो. ओडी असेल तर पूर येतो त्यात. फक्त पाण्यात बुडालेली गाडी बाहेर काढून लगेच स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी खेचलं जाऊन ते फुटलं, तर साध्या पॉलिसीत कंपनी हात वर करते. सीसीने हे वहीत टिपलं. खाली दोन रेघा मारल्या. सायलेन्सर बदलून फटाके फोडणारा बसवलास आणि कंपनीला कळवलं नाहीस तर क्लेमला फाटे फुटतात, हे सांगितलं ते मात्र टिपलं नाही.

खरं नाट्य घडलं आरसीवरच्या नावावरून. वडिलांना गाडी स्वतःच्या नावावर हवी होती. कारण दिलं नो क्लेम बोनस. “इतकी वर्षं गाडी चालवतोय, एक क्लेम नाही केला. पन्नास टक्के सूट बसते म्हणतात.”

“बसते. पण स्प्लेंडरला तुम्ही काय काढता? थर्ड पार्टी.”

“हो. फक्त थर्ड पार्टी.”

“मग बोनस नाही. तो ओडीवर असतो.”

ते बराच वेळ गप्प राहिले. आपण इतकी वर्षं कोणी न मागितलेला पुण्यसंचय करत होतो हे पचायला वेळ लागणारच. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. मालक-चालकाला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो, आणि तो मालकाला लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर, तर पंधरा लाखांचं कवच वडिलांना. ते बसणार सोफ्यावर. गाडी चालवणार हा.

आई ताडकन म्हणाली, “त्याच्या नावावर करा.”

सीसीचा चेहरा उजळला. नाव, आरसी, एमएच १५ आणि वर पंधरा लाख. “माझी किंमत पंधरा लाख?” त्याने मला विचारलं. वडील खिशातून चष्मा काढत म्हणाले, “शोरूमबाहेर पडलास की त्यातूनही पाच टक्के जात असतील.”

झिरो डेप घ्यायचं का, ह्यावर बापलेकांचं जुंपलं. मी सांगितलं की ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी निम्मेच पैसे देते, बाकी आपले. वडील म्हणाले, बुलेटला प्लास्टिक असतंच किती? सीसी म्हणाला, काका घेऊन टाका. वडील म्हणाले, म्हणजे तू पाडणार हे नक्की आहे का? ह्या प्रश्नाला कुठल्याही दिशेने सुरक्षित उत्तर नव्हतं. पोराने झेरॉक्स मशिनकडे बघायला सुरुवात केली. आईने पर्स उघडली, झिरो डेपचे वरचे पैसे टेबलावर मोजून ठेवले आणि म्हणाली, “भाऊ, घाला ते. ह्यांना काय माहीत.”

गाडी दसऱ्याला आली. काळी. पूजा नवशा गणपतीला करायची असं आजीने बोललेलं होतं. शोरूमपासून तिथवर सीसीने गाडी चालवली आणि मागून वडिलांनी स्प्लेंडरवर, ताशी पंचवीसच्या वेगाने, एखाद्या मंत्र्याचा ताफा असावा तशी सोबत केली. मी अ‍ॅक्टिव्हावर शेवटी. गंगापूर रोडवर आम्हाला एका सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं. आई आणि आजी रिक्षाने पुढे पोचून ताट घेऊन उभ्या होत्या.

स्वस्तिक झालं, हार झाला, हँडलला लिंबू-मिरची लटकली. चाकाखाली लिंबं ठेवली. सीसीने गाडी हळूच पुढे घेऊन ती चिरडली, अगदी बेताने, क्लच अर्धा दाबून. टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी त्याने साइड स्टँड लावला, म्हणजे लावला असं त्याला वाटलं. पाय मागे फिरवून, एक हात कमरेवर ठेवून, तो कॅमेऱ्याकडे वळला, आणि १९५ किलो वजन त्याच्या मागे शांतपणे डावीकडे निघालं. त्याने पकडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बावन्न किलोंनी जेवढं शक्य होतं तेवढं केलं. गाडी कठड्याच्या लोखंडी पाइपवर टाकी टेकवून मग जमिनीवर आली. इंडिकेटर, आरसा, क्लचचा लीव्हर, टाकीला पोचा. हारातली झेंडूची फुलं थेट पायरीपर्यंत गेली. आजीने नारळ फोडायचा राहिला होता तो तेवढ्यात फोडून घेतला.

तिसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी. पूर्वीची बाहेर काढलेली छाती नव्हती. ‘अपघात कसा घडला, सविस्तर लिहा’ ह्या रकान्यासाठी त्याने वेगळा कागद जोडला होता आणि त्यावर वाऱ्याचा वेग, जमिनीचा उतार आणि स्टँडच्या स्प्रिंगचा ताण ह्यांची सविस्तर चर्चा होती. मी तो कागद त्याला परत दिला. “स्टँडवरून घसरून पडली. एवढं लिही.” मग त्याचं पेन एका रकान्यापाशी अडकलं. अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही शून्य. त्याने इतकं बारीक लिहिलं की वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

छोटा क्लेम करू नये, पुढच्या वर्षीची वीस टक्क्यांची सूट जाते, हे मी सगळ्यांना सांगतो. पण टाकीचा खर्च त्या सुटीहून कितीतरी जास्त होता. सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा सीसीच्या बरोबर आई होती. झिरो डेपचे पैसे तिने भरले होते, त्यामुळे ती आपल्या हक्काने आली होती. सर्व्हेअरने डावीकडून फोटो काढले, उजवीकडून काढले, चॅसिस नंबर पेन्सिलीने कागदावर घासून उतरवला, लायसन्सची तारीख पाहिली आणि काही न बोलता सीसीकडे एकदा वर-खाली नजर टाकली.

आई पुढे झाली. “साहेब, गाडीचं लिहून झालं असेल तर ह्याचंही तेवढं बघून घ्या. ह्याचे पाय खाली टेकतात का, ते लिहायला रकाना असेल ना तुमच्या फॉर्मात?”